उजवा गुडघा

५ मार्च, बुधवार. भस्म बुधवार.

कपाळाला राख लागली. उपवासकाळ सुरू. या वर्षी संकल्प मोजके पण कडक. ईस्टरपर्यंत मटण बंद. चर्चमध्ये मोबाइल बंद. दुकानात गिऱ्हाइकावर ओरडणं बंद. आणि मिस्साच्या उपासनेत सगळे गुडघ्यावर असताना मागच्या बाकाला बूड टेकायचं नाही.

हा शेवटचा संकल्प ग्रेसी टीचरमुळे. चर्चमधली वाचनं, गाणी आणि सगळ्यांवर लक्ष ठेवणं ही खाती त्यांच्याकडे आहेत. गेली काही वर्षं मी अर्धा गुडघ्यावर आणि अर्धा बाकावर असतो. लांबून कळत नाही असा माझा समज होता. परवा टीचर म्हणाल्या, मिस्टर बारदेस्कर, कळतं.

सेराफिनाला सवलत आहे. तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजल्यात. टेकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टरांनी गेल्या वर्षीच बजावलंय. तिच्यासाठी आमच्या बाकाच्या टोकाला प्लॅस्टिकची खुर्ची ठेवतात. सगळं चर्च खाली जातं तेव्हा ही एकटी खुर्चीत बसून मान खाली घालते. लाज वाटते म्हणते. अगं, बसायला मिळतंय तर बस की! पण माझ्या बायकोला सुख घेता येत नाही.

७ मार्च, शुक्रवार.

दुपारी हंबीररावांकडे जेवलो. शाहूपुरीत माझं पंपाच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान, शेजारी त्यांचं पाइपांचं. कोल्हापुरात बुधवार-शुक्रवार-रविवार म्हणजे मटण, हे मी विसरलो होतो. पण संकल्प पाळला. फोडी घेतल्या नाहीत. फक्त रस्सा. तांबडा दोन वाट्या, पांढरा तीन.

घरी सेराफिनाने शर्टावरचा तेलाचा डाग बघितला. मी शांतपणे समजावून सांगितलं. मटण घट्ट असतं, रस्सा पातळ. रस्सा म्हणजे मटण नाही. ती बरं म्हणाली आणि शर्ट भिजत घातला.

९ मार्च, रविवार.

आज जरा प्रकार झाला. नीट लिहून ठेवतो, म्हणजे माझी चूक किती कमी आहे ते लक्षात येईल.

मोबाइल बंदच होता. म्हणजे आवाज बंद होता. दानाच्या वेळी सगळे बसले असताना खिशात थरथरला. हंबीररावांचा फोटो. तांब्याचं पातेलं, वर लालभडक तवंग, खाली 'येतोस व्हय?' सगळे उभे राहिले तसा मीही उभा राहिलो. तोंडाने 'पवित्र, पवित्र, पवित्र' चालू होतं, अंगठ्याने 'फोडी बंद, रस्सा चालेल' एवढंच लिहीत होतो.

मान वर केली तर बाकी सगळे कधीच गुडघ्यावर, चर्चमध्ये फक्त दोन माणसं उभी. फादर आणि मी.

फादर विल्फ्रेड भाकरीवर हात धरून थांबले होते. माझ्याकडे बघत होते. ग्रेसी टीचर बघत होत्या. हातात उजेड पडलेला मोबाइल. आणि माझा हात आपला आपण गुडघ्याकडे गेला, तोंडातून 'आई गं' निघालं.

खोटं बोललो असं म्हणता येणार नाही. मी बोललोच नाही. 'आई गं' हे काही वाक्य नव्हे.

पुढचं मात्र माझ्या हातात नव्हतं. सेराफिना खुर्चीतून उठली. 'बसा हितं,' म्हणाली, 'मी टेकते तुमच्या जागी.' मला दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि बाकाला धरत धरत खाली गेली. गुडघ्यांखालच्या फोमच्या पट्टीवर जागा नव्हती, फरशीवरच. मी खुर्चीतून तिचं डोकं बघत होतो. पांढरे केस बरेच झालेत.

मटणाला गेलो नाही. तेवढं माझ्या बाजूने लिहिलं पाहिजे.

१० मार्च, सोमवार.

रात्री तिने ओव्याचं तेल गरम करून गुडघा चोळला. क्रेप बँडेज बांधलं. फार बरं वाटलं. दुखत नसतानाही बरं वाटतं, हे तेलाचं वैशिष्ट्य.

दोन दिवसांत आपोआप बरा होईन. विषय संपला.

नोंद: उजवा.

१४ मार्च, शुक्रवार.

संध्याकाळी क्रुसाची वाट. चौदा चित्रं, प्रत्येक चित्रापुढे टेकायचं, उठायचं, पुढे जायचं. मला खुर्ची. आग्रह मी केला नव्हता. सेराफिना सगळ्यांबरोबर टेकत होती. येशू तिसऱ्यांदा पडतो त्या चित्राशी ती उठताना बाकाला दोन्ही हातांनी धरून उठली. तोंड पांढरं झालं होतं. मी खुर्चीतून 'बस, बस' असं हाताने सांगितलं. तिला वाटलं मला पाणी हवंय. पाणी घेऊन आली.

बाहेर पडताना ग्रेसी टीचरनी गाठलं. म्हणाल्या, मिस्टर बारदेस्कर, यू आर व्हेरी लकी. तुमच्या मिसेसनी नवस केलाय. तुमचा गुडघा बरा होईपर्यंत त्या दोघांच्या वाटणीचं टेकणार.

रिक्षात बसताना मी डावा पाय आखडून बसलो. सेराफिना म्हणाली, आता डावा पण?

आज जेवण गेलं नाही. उद्या सांगून टाकणार. नक्की.

१५ मार्च, शनिवार.

तिचा मूड चांगला होता. चांगला मूड कशाला घालवायचा.

१६ मार्च, रविवार.

नवा प्लॅन. सांगायची गरजच नाही, टप्प्याटप्प्याने बरं व्हायचं. आज चाळीस टक्के, पुढच्या रविवारी सत्तर. धंद्यात पण एकदम भाव उतरवत नाहीत.

'पवित्र' झाल्याबरोबर खुर्चीतून उतरून टेकलो. चाळीस टक्क्यांचं दुःख चेहऱ्यावर ठेवलं होतं. ते बहुधा जास्त झालं. सेराफिना माझा दंड धरून कानात म्हणाली, बळजबरी करू नका. मागच्या बाकावरचे दोन तगडे सद्गृहस्थ धावले, काखेत हात घालून मला उचललं आणि परत खुर्चीत ठेवलं.

त्याआधी सामूहिक प्रार्थनेत फादरनी माझं नाव घेतलं होतं. आपला बंधू पास्कल याच्या गुडघ्यासाठी. 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक,' सगळं चर्च म्हणालं. माझ्या धडधाकट गुडघ्यासाठी एवढी माणसं उभी होती, आणि मी बसलो होतो. तरी प्रार्थना वाया गेली असं नाही. गुडघा ठणठणीत आहे.

१९ मार्च, बुधवार.

हंबीररावांना खरं सांगितलं. जगात कुणाला तरी सांगायला हवं होतं.

ते पाइप मोजता मोजता ऐकत होते. मग म्हणाले, 'मग सांग की वैनीस्नी. त्यात काय हाय?' मी म्हटलं, हंबीरराव, आमच्या धर्मात हे जरा गुंतागुंतीचं आहे. ते म्हणाले, 'धर्माचं काय न्हाय त्यात. तू भितोयस, लेका.'

हंबीरराव तालमीत वाढलेले. त्यांना बारकावे कळत नाहीत.

२३ मार्च, रविवार.

सकाळी मिस्सा. सत्तर टक्क्यांचा बेत रद्द, कारण ते दोन सद्गृहस्थ आज आमच्याच बाकावर येऊन बसले होते. सेराफिना टेकली. तिला उठताना मी हात दिला. चर्चमध्ये कुजबुज झाली, बघा, स्वतःला होत नाही तरी बायकोला हात देतो. मला ऐकू आलं.

दुपारी मन हलकं करायला हंबीररावांबरोबर जोतिबाला गेलो. मालाची डिलिव्हरी आहे असं घरी सांगितलं. हंबीररावांना डबाभर गुलाल उधळायचा होता. पायऱ्या भराभरा उतरलो, भराभरा चढलो. दोन आठवडे लंगडून पाय आखडले होते. फार मोकळं वाटलं. पायरीवर एक पाय वर ठेवून, गुलालाने माखलेला, असा हंबीररावांनी माझा फोटो काढला. चांगला आला म्हणून स्टेटसला ठेवला. सेराफिनाला दिसणार नाही अशी सेटिंग केली. मी इतका बेसावध नाही.

२४ मार्च, सोमवार.

ग्रेसी टीचरना दिसणार नाही अशी सेटिंग केली नव्हती.

दुकानातून घरी आलो तर टेबलावर मोबाइल, मोबाइलमध्ये मी, गुलालात, पाय वर. सेराफिना समोर बसलेली. डोळे लाल. मी मनात म्हटलं, संपलं. खरं सांगतो, जरा सुटल्यासारखंही वाटलं.

ती उठली आणि तिने माझे हात धरले. म्हणाली, देवानं ऐकलं माझं.

पायऱ्या चढला, म्हणाली. कुणाचा आधार न घेता. मला का न्हाय सांगितलंत? आनंदानं बोलता येईना झालं आसंल. मी म्हटलं, हो.

मग तिने एक नारळ हंबीररावांकडे पाठवला, जोतिबाला वाढवायला. ज्याच्या दारात पाय सुटला त्याचे पण आभार मानायला हवेत, म्हणाली. हंबीररावांनी नारळ घेतला तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. एवढंच म्हणाले, 'पास्कू, आता मला पण पाप लागाय लागलंय.'

आणि आता आभार म्हणून ती ईस्टरपर्यंत टेकणार आहे. पूर्ण वेळ. फरशीवर.

२५ मार्च, मंगळवार.

शांतपणे विचार केला. गुडघा दुखतो म्हटलं तर ती टेकते. बरा झाला म्हटलं तर ती टेकते. परत दुखायला लागला म्हटलं तर दुप्पट टेकेल. चौथा मार्ग एकच आहे. तो मला माहीत आहे.

आधी पाचवा शोधून बघतो.

३० मार्च, रविवार.

चमत्काराची बातमी पसरली. मी पूर्ण वेळ गुडघ्यावर होतो, बूड न टेकता. सगळे वळून बघत होते. एका बाईंनी माझ्या गुडघ्याला हात लावून तो कपाळाला लावला. मी 'अहो नको' म्हणालो, तो विनय समजला गेला आणि उलटाच परिणाम झाला.

सेराफिना शेजारी फरशीवर. आता ग्रेसी टीचरही फरशीवर, मुलाच्या व्हिसासाठी. त्यांच्या मागे आणखी तिघीजणी. बारक्या चटया घालाव्यात असं मी सुचवलं, ते कुणी मनावर घेतलं नाही.

रात्री तेलाची बाटली मी काढली. म्हटलं, तुझे चोळून देतो. ती लाजली. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, हे पहिल्यांदाच. तिचा उजवा गुडघा हाताला गरम लागला. डावा पण. माझ्या डोळ्यात पाणी आलं. ओवा उग्र होता.

४ एप्रिल, शुक्रवार.

कन्फेशनला गेलो. आज सगळं बाहेर काढायचंच या तयारीने. जाळीपुढे टेकलो. पलीकडे फादर विल्फ्रेड.

मटणापासून सुरुवात केली. रस्सा धरायचा की नाही हे विचारलं. धरायचा, म्हणाले. मग गिऱ्हाइकांवर ओरडणं. एका गिऱ्हाइकाला जुनं बेअरिंग पुसून नवं म्हणून दिलं होतं तेही सांगितलं, ते तर मी विसरलोही होतो. फादरनी विचारलं, आणखी काही? मी म्हटलं, कधीकधी थोडं खोटं बोलतो. ते म्हणाले, धंद्यात? जाळीच्या पलीकडून आयतं उत्तर आलं. मी हो म्हणालो.

पश्चात्तापाच्या पाच प्रार्थना सांगितल्या. गुडघ्यावर, म्हणाले, आता तुम्हाला जमतं ना. आणि बाहेर पडताना म्हणाले, तुमच्या पत्नीची श्रद्धा बघून मलाच शिकायला मिळतं.

पाच प्रार्थना पंधरा वेळा म्हटल्या. हलकं वाटलं नाही.

१३ एप्रिल, रविवार. झावळ्यांचा रविवार.

आज येशूच्या दुःखसहनाचं लांबलचक शुभवर्तमान. सगळे झावळ्या धरून उभे. येशूने प्राण सोडला इथे वाचन थांबतं आणि सगळे टेकतात. क्षणभर शांतता. मग सगळे उठतात.

सगळे उठले. सेराफिना उठली नाही.

वाचन पुढे सुरू झालं. लोकांना भक्ती वाटली. कुणीतरी पुढच्या बाकावरून हात जोडून तिच्याकडे बघितलं. ती मान खाली घालून, झावळी छातीशी धरून तशीच. मग तिने फक्त डावा हात वर केला, माझ्या बाजूला, आणि माझी बोटं घट्ट धरली. तिला उठता येत नव्हतं.

मी तिला उचललं. काखेत हात घालून, त्या दोघांनी मला उचललं होतं तसं. ती अजिबात जड नाही. खुर्चीत बसवल्यावर म्हणाली, कुणी बघितलं न्हाय न्हवं?

मी नालायक माणूस आहे. हे वाक्य खोडणार नाही.

१५ एप्रिल, मंगळवार.

डॉक्टरांकडे. गुडघ्यात पाणी झालंय. सुईने काढलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो. आता टेकणं कायमचं बंद, पुन्हा टेकलात तर ऑपरेशन, म्हणाले. मग विचारलं, टेकायला सांगितलं कुणी? सेराफिना म्हणाली, यांच्यासाठी टेकत होते. डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उगाच पाकीट काढलं.

तिने हट्टाने माझाही एक्स-रे काढायला लावला. डॉक्टर म्हणाले, पंचविशीतल्या पैलवानाचा गुडघा आहे, याला कधी काही झालंच नव्हतं. सेराफिनाचा चेहरा उजळला. ऐकलंत, म्हणाली, खूण सुदीक ठेवली न्हाय देवानं. एक्स-रेचा फोटो ग्रेसी टीचरना पाठवला.

घरी येताना म्हणाली, आता माझ्या वाटणीचं तुमी टेकत जावा. मी म्हटलं, आयुष्यभर. हे मात्र मनापासून.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे.

दुपारी तीनला सांगायचं ठरवलं होतं. पण आजचा दिवस मौनाचा. मौनात कसं सांगणार.

प्रार्थनांच्या वेळी 'गुडघे टेका', 'उठा', 'गुडघे टेका', 'उठा' चालू होतं. मी एकदा माझ्या वाटणीचं आणि एकदा तिच्या वाटणीचं करायला गेलो आणि मागे पडलो. सगळे उभे असताना मी खाली, सगळे खाली असताना मी वर. सेराफिना खुर्चीतून मान खाली घालून बसली होती. पुन्हा तीच लाज. तिला बसायला लाज वाटते, आणि मी दोन आठवडे त्या खुर्चीत कसा बसलो?

ईस्टरला सकाळी सांगणार. सणाच्या दिवशी माणूस मोठ्या मनाने घेतो.

२० एप्रिल, रविवार. ईस्टर. दुपार.

सकाळी सांगितलं नाही. ती साडीला पिना लावत होती, तोंडात पिना असलेल्या माणसाला काही सांगू नये. रिक्षात ड्रायव्हर होता.

'पवित्र' झालं. फोमची पट्टी सोडून मी मुद्दाम फरशीवर टेकलो, तिच्या जागी. सरळ, बूड न टेकता. सेराफिना खुर्चीत. थोड्या वेळाने उजव्या गुडघ्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी. आठवडाभर दोघांच्या वाटणीचं केलेलं, दुसरं काय. 'आई गं' ओठांपर्यंत आलं ते गिळलं. पण हात आपला आपण गुडघ्याकडे गेला.

मागे खुर्ची करकरली.

सेराफिना उठली होती. बँडेजचा पाय ताठ, एक हात बाकावर. 'बसा हितं,' म्हणाली, 'मी टेकते.'

मी म्हटलं, तू बस, दुखत नाही. ती वाकायला लागली. म्हटलं, खरंच दुखत नाही. ती ऐकेना. फादरनी भाकर वर उचलली, घंटा वाजली, चर्चमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. तिचा गुडघा फरशीपासून वीतभर राहिला होता. तिला थांबवेल असं माझ्याजवळ एकच वाक्य होतं.

'तेव्हाही दुखत नव्हता,' मी म्हणालो. 'कधीच दुखत नव्हता. मी मोबाइल बघत होतो.'

हळू म्हणालो असं मला वाटलं. पण तीन बाकं पुढून ग्रेसी टीचरनी मान वळवली, आणि घंटा वाजवणारा दुसऱ्यांदा वाजवायची विसरला.

सेराफिना तशीच अर्धी वाकलेली राहिली. मग सरळ झाली. खुर्चीत बसली. मान खाली घातली नाही. पाठ टेकून, समोर वेदीकडे बघत, शेवटपर्यंत बसून राहिली. आजूबाजूचे सगळे टेकले, उठले, ती बसूनच. त्या खुर्चीत ती कधी इतकी निवांत बसलेली मी बघितली नव्हती.

एकमेकांना शांती देताना तिने सगळ्यांना हात जोडले. पुढच्या बाकाला, मागच्या बाकाला, त्या दोन सद्गृहस्थांना. मी हात जोडून वाट बघत होतो. मग कम्युनियनची, भाकर घ्यायची रांग सुरू झाली.

रिक्षात ड्रायव्हर होता.

घरी मटण. सकाळी आठच्या मिस्साआधी उठून तिने केलेलं. घरभर वास. ताट वाढलं. भाकरी, कांदा, लिंबू, तांबड्याची वाटी, पांढऱ्याची वाटी. मी जरा थांबलो. फोडी आल्या नाहीत. तिच्या ताटात होत्या.

म्हणाली, 'रस्सा म्हंजे मटण न्हाय म्हणालता न्हवं? तुमचा उपवास अजून सुटायचा हाय.'

कधी सुटेल हे विचारलं नाही. पांढरा दोनदा मागून घेतला. दिला.

आता ती आत पडलीय. माझा उजवा गुडघा सुजलाय, खरोखर. तेलाची बाटली तिच्या उशाशी आहे. मागायला गेलो तर काय म्हणून मागायची?